पाऊल चुकलें कीं पडदा?



करंजाडे येथील सिडकोच्या वसाहतींत एका स्नेह्यांच्या घरीं नुकताच एक लहानसा खटला माझ्यापुढें आला. त्यांची बारा वर्षांची कन्या मॉलमधील नाचाच्या यंत्रावर मोठ्या सफाईनें खेळते. वडिलांनीं हौसेनें तोच खेळ घरीं आणला, पायांखालीं अंथरावयाची चटई घेतली आणि सारें दिवाणखान्यांतील भल्यामोठ्या टीव्हीस जोडून दिलें. पण घरीं मुलीचें प्रत्येक पाऊल उशिरा पडल्याचा शेरा येऊं लागला. "हिला तालाचें अंगच नाहीं, कथ्थकचा वर्ग या महिन्यापासून बंद," असा निकाल वडिलांनीं देऊनहि टाकला होता. मुलगी कोपऱ्यांत डोळे पुशीत उभी होती.

खेळ मोठा साधा आहे. पडद्यावर बाण खालून वर सरकत येतात. वरच्या स्थिर बाणांशीं त्यांचा मेळ पडतांच पायाखालचा तोच बाण दाबावयाचा, आणि हें सारें गाण्याच्या ठेक्यावर. जपानच्या कोनामी कंपनीनें १९९८ सालीं 'डान्स डान्स रिव्होल्यूशन' या नांवानें तो सार्वजनिक खेळघरांत आणला. १९९९ सालीं प्लेस्टेशनवर त्याची घरगुती आवृत्ति निघाली. मौज ही कीं, त्या पहिल्या सार्वजनिक यंत्राच्या पोटांतील रचनाहि प्लेस्टेशनच्याच कुळांतली होती. मग घर आणि खेळघर यांत अंतर पडावें कशानें?

परीक्षकाच्या कठोरपणामुळें म्हणावें, तर तसेंहि नाहीं. खेळघरांतील यंत्रावर सर्वोत्तम शेऱ्यासाठीं ठरल्या क्षणाच्या अलीकडे वा पलीकडे सेकंदाच्या सुमारें साठाव्या भागाचीच सवड मिळते. घरच्या संगणकावर चालणाऱ्या 'स्टेपमॅनिया' या मोफत प्रणालींत तीच सवड मूळ मांडणीप्रमाणें साडेबावीस मिलिसेकंदांची, म्हणजे अधिक उदार आहे.

खरा अपराधी टीव्ही. जुना कांचेच्या नळीचा पडदा संकेत येतांच चित्र उमटवीत असे. आजचा सपाट पडदा आलेलें चित्र आधीं नटवितो, त्याचे रंग खुलवितो, हालचाल गुळगुळीत करितो आणि मग तें आपल्यापुढें आणितो. या साजशृंगारांत पन्नास-शंभर मिलिसेकंद सहज जातात. खेळाचें घड्याळ मात्र तोंवर पुढें गेलेलें असतें. मुलगी चित्राबरहुकूम अचूक पाऊल टाकी, आणि तेंच घड्याळाच्या हिशेबीं उशिराचें ठरे. आवाज बिनतारी ध्वनिक्षेपकांतून येत असल्यास तो याहूनहि मागें रेंगाळतो; मग डोळा एक सांगतो, कान दुसरें.

गणेशविसर्जनाच्या मिरवणुकींत हा अनुभव आपणांस नवा नाहीं. ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर चालतो. पुढच्या ताशापासून ३४ मीटर मागें असलेल्या ढोलवाल्यास त्याचा ठोका सेकंदाच्या दहाव्या भागानें उशिरा ऐकूं येतो. निव्वळ कानावर विसंबला तर तो मागें पडेल. म्हणून त्याला पुढच्यांच्या हातांवर नजर ठेवावी लागते.

स्नेह्यांच्या घरीं आम्हीं प्रथम टीव्हीवरील 'गेम मोड' चालू केला. त्यानें बराचसा शृंगार बंद पडतो. ध्वनिक्षेपक तारेनें जोडला. उरलेला विलंब खेळांतच दुरुस्त करण्याची सोय असते: एकदां डोळे मिटून केवळ ठेक्यावर पाऊल टाकावयाचें, एकदां आवाज बंद करून केवळ बाणांवर, आणि येणारा फरक यंत्रास सांगावयाचा. ठराविक विलंबास हा उपाय लागू पडतो. पण बिनतारी जोडणीचा विलंब क्षणोक्षणीं बदलूं लागला तर त्यास औषध नाहीं. चटई घसरत होती, ती आम्हीं फरशीस चिकटपट्टीनें बांधली. खेळघरांतील धातूच्या चौथऱ्याची सर तिला येणार नव्हतीच.

ही दुरुस्ति न करितां मुलगी महिनाभर खेळती, तर अधिकच बिकट झालें असतें. शहाणें पाऊल विलंबाशीं जुळवून घेतें, घाईनें पडूं लागतें. आणि ती संवय घेऊन मॉलमध्यें जावें, तर तेथें सारींच पाउलें लवकर पडल्याचा शेरा मिळतो.

त्या सायंकाळीं मुलीनें सलग तीन गाणीं बिनचूक नाचून दाखविलीं. मग वडील स्वतः चटईवर चढले. त्यांचीं पाउलें कांहीं लवकर, कांहीं उशिरा पडत होतीं, आणि त्याचा दोष आतां टीव्हीस देतां येत नव्हता. कथ्थकच्या वर्गाची फी दुसऱ्या दिवशीं भरली गेली.