बरणी फुटते ती का?

आम्ही सिंधुदुर्गातल्या एका बचत गटाच्या बायका बोलतोय. रातांब्याचा हंगाम आला. अमृत कोकम कसं करायचं ते तुम्हाला आम्ही काय सांगणार! आज बोलायचंय ते बरणीबद्दल.

तीन वर्षांपूर्वी आमची दहा लिटरची काचेची बरणी फुटली. किलोभर सालांना दोन किलो साखर हे माप आम्हाला ठाऊक होतं. पण साखर महागली म्हणून एकास एकच घातली. बरणी गळ्यापर्यंत भरली, झाकण गच्च लावलं, उन्हात ठेवली. मग घरात लग्न निघालं आणि ढवळायचं राहून गेलं. कडेला फेस दिसला म्हणून आमच्यातली एक झाकण सैल करायला गेली, तर बरणी हातातच फुटली. सात टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला. त्याच मापाच्या चाळीस बाटल्या आधी मुंबईला गेल्या होत्या. रात्री बसून एकेका गिऱ्हाइकाला फोन केले, पैसे परत दिले. त्या वर्षी हाती काही उरलं नाही.

झालं काय होतं? फळाच्या सालीवर यीस्ट असतं, डोळ्यांना न दिसणारं. ते साखर खातं आणि वायू सोडतं. चमचाभर, म्हणजे चारेक ग्रॅम साखर आंबली तरी जवळजवळ लिटरभर वायू होतो! पाक दाट असला तर यीस्टला सहसा वाढता येत नाही, म्हणून तर दुप्पट साखर. आगळात मीठ भरपूर, म्हणून ते टिकतं. दुप्पट साखर घालूनही एक खोच राहते: उन्हात बरणीच्या आत वाफ धरते, पाणी वरच्या थरावर ठिबकतं, तिथला पाक पातळ होतो आणि आंबणं तिथूनच सुरू होतं. म्हणून रोज ढवळायचं, कोरड्या चमच्याने.

आता काचेचं बघा. गोटी सोड्याची बाटली आठवा. लहान, गोल, जाड काचेची. ती दाबासाठीच घडवलेली असते. लोणच्याची बरणी तशी नसते. शिवाय भांडं जितकं रुंद, तितका त्याच दाबाने भिंतीवर ताण जास्त. चौकोनी बरणी तर आणखी कच्ची. परदेशात लोक घरी बीअर करतात (आपल्याकडे परवान्याशिवाय तो गुन्हा आहे हं), तेही मोठ्या काचेच्या बुधल्यात नुसतं आंबवतात. बुधल्याच्या तोंडाला नळी लावून तिचं टोक पाण्यात बुडवतात, म्हणजे वायू बाहेर जातो, हवा आत येत नाही. फसफस हवी असली तर ती नंतर, दाब सोसणाऱ्या लहान बाटल्यांत, मोजून साखर घालून. मोठ्या बुधल्याचं तोंड कधीच बंद करत नाहीत.

आपणही तेच धरायचं. सालं मुरेपर्यंत बरणी पाऊण भरायची, तोंडाला स्वच्छ फडकं बांधायचं. पाक गाळल्यावर लहान बाटल्यांत भरायचा. कोणाला आल्याचं फसफसतं सरबत करायचंच असेल, तर कोल्ड्रिंकची रिकामी प्लॅस्टिकची बाटली घ्या. दाबून बघता येतं. दगडासारखी कडक लागली की फ्रिजमध्ये, आणि मग लवकर पिऊन टाकायची.

आणि बंद बरणीत फेस दिसलाच तर? हलवायची नाही, उचलायची नाही. उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी तर मुळीच ओतायचं नाही, तडकेल. पोरांना लांब काढा. लांबूनच जाड गोधडी टाका, सावली करा, रात्रभर निवू द्या. गार झाल्यावर दाब उतरतो. पहाटे हातात जाड मोजे, डोळ्यांना चष्मा, तोंड बाजूला, आणि गोधडीवरूनच झाकण जरासं फिरवायचं. फुस्स झालं की थांबायचं, मग पुन्हा जरासं. पत्र्याचं बूच ठोकलेली बाटली फुगल्यासारखी वाटली तर ती उघडायच्या फंदात पडू नका.

आंबलेला पाक आम्ही उकळून परत विकत नाही. पहिल्या वर्षी मोह झाला होता, खोटं कशाला बोला. माडाच्या आळ्यात ओतला.

यंदा साखर आधीच आणून ठेवलीय. रातांबे पुढच्या आठवड्यात उतरवू.