चित्रावरील शेरा आणि पुढचे चित्र

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत दिलेले भाषण)



आजच्या परिषदेत भाषा आणि गणित या विषयांस बराच वेळ दिलेला आहे, आणि ते योग्यच आहे. कला या विषयाच्या वाट्यास शेवटची काही मिनिटे आली आहेत. एवढ्या वेळात चित्रकला कशी शिकवावी हे सांगण्याचा माझा विचार नाही. मला बोलावयाचे आहे ते एका लहानशा गोष्टीविषयी. मूल चित्र काढून आपल्यापुढे धरते, तेव्हा आपण त्यास काहीतरी सांगतो, आणि पुढे नोंदवहीत काहीतरी लिहितो. त्या सांगण्याचे आणि लिहिण्याचे पुढे काय होते? त्यातून त्या मुलाचे पुढचे चित्र निघते काय?

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आपल्या राज्यात २०१० साली सुरू झाली आणि वर्णनात्मक नोंदी लिहिणे हा आपल्या नित्याच्या कामाचा भाग झाला. शाळाभेटीच्या वेळी मी या नोंदी आवर्जून वाचतो. ‘चित्रे आवडीने काढतो’, ‘रंगसंगतीची जाण आहे’, ‘अधिक सरावाची आवश्यकता आहे’ ही वाक्ये मला आता तोंडपाठ झाली आहेत. ती कोठल्या तयार यादीतून उतरतात हे तुम्हांसही ठाऊक आहे आणि मलाही. दोन शिक्षकांनी चार इयत्ता सांभाळावयाच्या, त्यात माहिती भरून पाठवावयाची, अशा स्थितीत कोणी तयार वाक्ये वापरली तर मी त्यास दोष देणार नाही. परंतु एका शाळेत मी एका मुलीची नोंद वाचली आणि मग तिचे चित्र मागवून घेतले. तिने विहीर काढली होती. विहिरीचे तोंड वरून पाहिल्यासारखे पूर्ण गोल होते, आणि पाणी शेंदणारी बाई मात्र समोरून पाहिल्यासारखी उभी होती. दोर हातांत कसा धरतात, एक हात वर आणि एक खाली, हे तिने इतके अचूक टिपले होते की मी ते चित्र बराच वेळ हातांत धरून होतो. नोंद होती, ‘चित्रकलेत रुची आहे.’ त्या हातांविषयी एक शब्द नव्हता.

शेरा कसा असावा याचा विचार करताना मला एका विद्यार्थ्याचे उदाहरण फार उपयोगी वाटते. तो विद्यार्थी म्हणजे हॉलंडचा चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग. त्याची सूर्यफुले तुम्ही दिनदर्शिकांवर पाहिली असतील, कान कापून घेतल्याची कथाही ऐकली असेल. ती कथा आपण बाजूस ठेवू. आपल्या उपयोगाची आहे ती त्याची विद्यार्थिदशा. कारण शिक्षकाने काय सांगितले, ते आपणांस कसे लागले आणि आता आपण पुढे काय करणार, हे सारे त्याने आपला धाकटा भाऊ थिओ यास पत्रांतून कळविलेले आहे. भावास लिहिलेली त्याची साडेसहाशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. विद्यार्थ्याच्या मनात शेऱ्याचे काय होते हे इतक्या उघडपणे दुसरीकडे क्वचितच वाचावयास मिळेल.

त्याचा जन्म १८५३ सालचा. चित्रे विकणाऱ्या पेढीत त्याने नोकरी केली, इंग्लंडमध्ये काही काळ साहाय्यक शिक्षक म्हणून काम केले (म्हणजे तो थोडा आपल्यापैकीच!), बेल्जममधील कोळशाच्या खाणींच्या भागात धर्मोपदेशक झाला. कोठेच जम बसला नाही. १८८० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने चित्रकार होण्याचे ठरविले. प्रारंभी शिक्षक नव्हताच. बार्ग नावाच्या फ्रेंच चित्रकाराने नवशिक्यांसाठी तयार केलेली कोळशाच्या रेखाटनांची साठ पाने मागवून ती तो पुन्हा पुन्हा गिरवीत असे.

१८८१ च्या ऑगस्टमध्ये त्याने हेग शहरी जाऊन आपली रेखाटने आन्तोन मॉव्ह यांस दाखविली. मॉव्ह हे त्या काळचे मान्यवर चित्रकार, आणि व्हिन्सेंटच्या आईच्या माहेरकडील एका बहिणीचे यजमान. त्यांनी सांगितले, की आता कोळसा, खडू आणि कुंचला हाताळून पाहा, आणि जिवंत माणसे समोर बसवून काढ. विद्यार्थी एटेन या आपल्या खेड्यात परतला आणि पुढच्याच महिन्यात भावास त्याने हिशेबच दिला. कुदळीने जमीन खणणारा शेतकरी पाच वेळा काढला, पेरणी करणारा दोनदा, झाडू घेतलेली मुलगी दोनदा. बटाटे सोलणारी बाई, काठीवर रेललेला मेंढपाळ आणि शेकोटीपाशी डोके हातांत धरून बसलेला आजारी म्हाताराही झाला होता. आणि एवढ्यावर न थांबता खणणारे, पेरणारे, नांगरणारे स्त्रीपुरुष आपण सतत काढीत राहणार, असेही त्याने लिहिले. येथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. जुने चित्र खोडून सुधारण्यात त्याने वेळ घालविला नाही. शेऱ्याची त्याने एक यादी केली, आणि ती यादी त्याच्या गावातल्या माणसांची होती.

त्याच वर्षाच्या अखेरीस तो हेगला मॉव्ह यांच्यापाशी काही आठवडे शिकावयास राहिला. त्या वेळी त्याची रेखाटने पाहून मॉव्ह यांनी सांगितले, की तू ज्याचे चित्र काढतोस त्याच्या फार जवळ बसतोस. माझ्या मते, शिक्षकाने दिलेला उत्तम शेरा कोणता असे विचारले तर हा दाखवावा. आकृतीचे प्रमाण चुकत होते, हे उघड होते. सामान्य शिक्षक ‘प्रमाण चुकले’ एवढे म्हणून थांबला असता, आणि विद्यार्थ्याने आपल्या हातास दोष दिला असता. मॉव्ह यांनी दोष हातात शोधला नाही, बैठकीत शोधला. फार जवळ बसले म्हणजे डोके पाहताना नजर वर करावी लागते आणि पाय पाहताना खाली. संपूर्ण आकृती एका दृष्टीत मावत नाही आणि मापे जुळत नाहीत. वस्तूच्या उंचीच्या सुमारे तिप्पट अंतरावर बसावे असा चित्रकारांचा जुना ठोकताळा आहे. व्हिन्सेंटने यावरून लगेच ठरविले, की मोठी खोली नाहीतर एखादी कोठी भाड्याने मिळवावयाची. पुढे १८८२ च्या उन्हाळ्यात प्रमाणाची अडचण सोडविण्यासाठी त्याने आडवे, उभे व तिरपे दोरे ताणलेली एक चौकट करवून घेतली. दोन खुंट्यांवर ती उभी करून तिच्यातून तो समुद्रकिनारा व कुरणे पाही आणि कोणती रेषा कोणत्या घरात येते ते कागदावर उतरवी. फुटलेल्या पाटीची लाकडी चौकट, चार खिळे आणि थोडा दोरा एवढ्यावर असे साधन आपल्या कोणत्याही शाळेत होईल. पाचवीपासून पुढच्या मुलांस ते फार आवडते.

आता तिसरा शेरा. १८८२ मध्ये मॉव्ह यांनी त्यास प्लास्टरच्या हातापायांवरून रेखाटन करण्यास सांगितले, आणि तेही कडक शब्दांत. विद्यार्थी घरी गेला आणि त्याने ते प्लास्टरचे नमुने कोळशाच्या पेटीत भिरकावून फोडून टाकले. जिवंत माणसांचे हातपाय जगात शिल्लक आहेत तोवर आपण यांस हात लावणार नाही, असा त्याचा संताप होता. दोघांचे संबंध तुटले. त्यास इतरही कारणे होती. पण मॉव्ह यांचे म्हणणे मुळातच चुकीचे होते काय? तसे दिसत नाही. १८८६ साली हाच विद्यार्थी अँटवर्पच्या कलाशाळेत जाऊन प्लास्टरवरून रेखाटने करू लागला, आणि तेथून पॅरिसला गेल्यावरही त्याने ती केली. म्हणणे बरोबर होते, वेळ बरोबर नव्हती. खणणाऱ्या-पेरणाऱ्या माणसांत तो बुडालेला असताना हा शेरा त्यास त्या कामातून ओढून बाहेर काढू पाहत होता. तथापि १८८८ मध्ये मॉव्ह वारल्याचे कळताच बहरलेल्या पीच वृक्षांचे आपले चित्र त्याने त्यांच्या स्मृतीस अर्पण केले व त्यांच्या पत्नीकडे पाठविण्याची व्यवस्था केली. शिक्षकाचे ऋण तो विसरला नव्हता.

तुम्ही म्हणाल, तो अठ्ठावीस वर्षांचा माणूस आणि आमची मुले आठ वर्षांची. हा भेद खराच आहे. पहिली-दुसरीतील मूल घराच्या भिंतीतून आतली माणसे दाखविते, आईस झाडाएवढी मोठी काढते. त्याच्या मनात जे मोठे ते कागदावर मोठे. त्यास प्रमाणाचा शेरा देणे म्हणजे प्लास्टरचा पाय देण्यासारखेच आहे. त्यास विचारावे, ‘आई कोठे निघाली आहे?’ एवढे पुरते. पुढचे चित्र आपोआप निघते.

मोठ्या मुलांच्या बाबतीत मात्र मॉव्ह यांचा दुसरा शेरा आपण रोज वापरू शकतो. वर्गाच्या मध्यभागी कळशी ठेवून मुलांस ती काढावयास सांगितली असे समजा. आपण उभे असतो, म्हणून आपणांस कळशीचे तोंड बरेचसे गोल दिसते. खाली बसलेल्या मुलास, त्याची नजर कळशीच्या काठाच्या जरा वर असेल तर, ते चपट्या लंबगोलासारखे दिसते; काठाच्या बरोबरीने असेल तर केवळ एक आडवी रेघ दिसते. उभ्या उभ्या ‘तोंड चुकले’ असे म्हणणे हा त्या मुलावर अन्याय होय. आधी त्याच्या जागी, त्याच्याएवढे खाली होऊन बसावे आणि मग बोलावे. गुडघ्यांस थोडे कष्ट पडतात, हे माझ्या वयात मला चांगलेच कळते.

नोंदीविषयी माझी सूचना अशी. सर्व मुलांची नोंद एकाच आठवड्यात लिहावयास बसू नका. मग यादी हाती येणारच. आठवड्यास पाच मुले घ्या. चित्रात काय नेमके दिसले ते एका वाक्यात, आणि आता काय पाहून यावयाचे ते दुसऱ्या वाक्यात लिहा, आणि ते मुलास वाचून दाखवा. उदाहरणार्थ, ‘बैलाची मान तू जुवाखाली छान वाकविली आहेस. मागचा पाय कोठे वळतो ते उद्या गोठ्यात पाहून ये.’ हे वहीत लिहिले तरी वर्णनात्मक नोंदच आहे. कोणी तपासनीस त्यास आक्षेप घेणार नाही, निदान मी तरी नाही. यानंतर कागदाच्या मागे मुलानेच लिहावे, की पुढच्या वेळी मी काय काढणार. एक ओळ पुरे. लिहिता येत नसेल तर त्याने सांगावे आणि आपण लिहावे. चित्रावर तारीख घालावी आणि जुनी चित्रे रद्दीत न टाकता मुलाच्या नावाने दोऱ्यात बांधून ठेवावीत. दोन महिन्यांनी गठ्ठा सोडून मुलासमोर पसरला, म्हणजे आपले काय बदलले हे मूल स्वतः सांगते. त्या वेळी आपण बोलण्याची घाई करू नये.

पुढील परिषदेस येताना प्रत्येक शाळेने एकाच मुलाची लागोपाठची तीन चित्रे आणावीत, तारखांसह आणि मागच्या ओळींसह. सुंदर चित्रे निवडून आणू नयेत. वर्गात जे मूल ‘मला येत नाही’ म्हणून कागद उलटा करून ठेवते, त्याचीच आणावीत. आपण ती येथे सतरंजीवर मांडू आणि कोणत्या शेऱ्यानंतर कोणते चित्र आले ते सर्वजण मिळून पाहू.