काटा स्थिर होईपर्यंत
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)

आदरणीय गुरुजन, आणि केस पांढरे झाले तरी बाकावर रेलून बसायची सवय न गेलेल्या माझ्या वर्गमित्रांनो, मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला विषय दिला आहे, 'रोजच्या जगण्यातील ख्रिस्ती श्रद्धा'. मी काही धर्मगुरू नाही; कचेरीतून निवृत्त झालेला साधा कारकून आहे. पण वसतिगृहात रोज रात्री दिवे जाण्याआधी पवित्र शास्त्र उघडून बसायचो, म्हणून तुम्ही माझे नाव 'पाद्री' ठेवले होते. नाताळच्या सुटीनंतर मी आईच्या करंज्यांचा डबा घेऊन यायचो, तो मात्र पाद्र्याच्या वाट्याला फारसा येत नसे. तीन दरवाजापाशी बसून तुम्हीच तो संपवायचा!

श्रद्धेविषयी मी जे शिकलो ते आधी वडिलांकडून. ते कोल्हापूरच्या मार्केट यार्डात तोलाईदार होते. गुळाचे रवे काट्यावर चढायचे, मागे गाड्यांची रांग, व्यापारी घाई करायचा. वडील म्हणायचे, "काटा स्थिर झाल्याशिवाय आकडा लिहायचा नाही." शेतकऱ्याचा अर्धा किलो गूळ म्हणजे चुलाणापुढे जागून काढलेल्या रात्रीचे मोल, हे त्यांना ठाऊक होते. यार्डात त्यांनी कधी कुणाला येशूची गोष्ट सांगितली नाही. रविवारी वायल्डर मेमोरियल चर्चमध्ये ते अगदी शेवटच्या बाकावर बसत. पण "त्यांच्या हातचा तोल" म्हटले की शेतकरी पुन्हा वजन करायला सांगत नसे. मला वाटते, त्यांची उपासना सोमवारी सकाळी काट्यापाशी सुरू होत असे.

दुसरी शिकवण लक्ष्मीबाई टिळकांची. 'स्मृतिचित्रे' तुमच्यापैकी अनेकांनी वाचले असेल. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. वडिलांच्या कडक सोवळ्याओवळ्यात त्या वाढलेल्या. काही वर्षे नवऱ्यापासून दूर राहिल्या. परत आल्या तरी आपले अन्नपाणी वेगळेच ठेवत. मग विचार करता करता त्यांच्या मनातून जातिभेद गेला, कुणाच्याही हातचे पाणी चालू लागले. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर, १९०० साली. म्हणजे आधी पाण्याचा तांब्या बदलला, मग चर्चच्या वहीत नाव लागले. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. माझ्या बाबतीत तो उलटा होता. वहीत नाव जन्मापासून होते. तांब्या मात्र तसाच राहिला होता.

तो कसा, ते आता सांगतो. सांगायचे ठरवल्यापासून चार रात्री झोप लागलेली नाही.

आपण नववीत होतो, साल १९७८. पावनखिंडीची सहल ठरली होती आणि वर्गणीचा डबा माझ्याकडे होता. 'पाद्र्याकडे पैसे सुरक्षित', असे तुम्हीच म्हणाला होता. त्या डब्यातले २५ रुपये कमी भरले, ते तुम्हाला आठवत असेल. संशय आपल्या एका मित्रावर गेला. त्याच्या घरची गरिबी होती आणि हिशेब लिहायला तो माझ्याजवळ बसत असे, एवढाच त्याचा गुन्हा. त्याला छड्या बसल्या. त्याला सहलीला नेले नाही. खिंडीत उभे राहून आपण बाजीप्रभूंच्या निष्ठेविषयी ऐकत होतो, तेव्हा तो वसतिगृहात एकटा बसला होता. पुढे वर्षभर त्याच्या शेजारी पेटी ठेवायलाही कुणी तयार नव्हते.

मित्रहो, ते पैसे त्याने घेतले नव्हते. मी घेतले होते. कोल्हापुरात सिनेमा पाहिला, मिसळ खाल्ली, एक पेन घेतले. वडिलांकडून पैसे आणून गुपचूप भरू, असा विचार होता. त्याआधीच डबा मोजला गेला. त्याच रात्री मी नेहमीप्रमाणे पवित्र शास्त्र उघडून बसलो होतो. तुमच्यापैकी कुणालाच माझा संशय आला नाही, तो त्या पुस्तकामुळे.

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशूची एक आज्ञा आहे. तुम्ही वेदीपाशी अर्पण घेऊन आलात आणि आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवा, आधी जाऊन समेट करा, मग या. किती वेळा ऐकले असेल! गेल्या वर्षी मेळाव्याचे निमंत्रण आले, यादीत त्याचे नाव दिसले, आणि पुढच्या रविवारी दानाची थैली समोर आली तेव्हा हात पुढे होईना.

मी एसटीने त्याच्या गावी गेलो. तो गोठ्यात होता. सगळे सांगितले. जक्कयाने चौपट परत केले होते, तसे मी १०० रुपये काढले. तो बराच वेळ म्हशीच्या पाठीवर हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "मला ठावं हुतं. पेन बघितलं हुतं मी तुझं." मी विचारले, मग तेव्हा बोलला का नाहीस? म्हणाला, "माझं कोण ऐकणार हुतं? पैसं ठेव तुझ्यापाशी. सर हाईत अजून. त्यांस्नी सांग. समद्यांसमोर सांग."

म्हणून आज उभा आहे. सर, तुम्ही पहिल्या रांगेत आहात. तुमच्या हातून छडी चुकीच्या मुलावर पडली, पण तुम्हाला फसवले ते मी. मला क्षमा करा. आणि मित्रहो, तो कोण हे तुम्हाला ठाऊक आहे. स्मरणिकेत नाव छापू नको, असे त्याने बजावले आहे. तो तिसऱ्या रांगेत बसला आहे. जेवणाआधी त्याला भेटा.

त्याने मला क्षमा केली का, हे मी विचारलेले नाही. ते देणे त्याचे आहे, मागून घेण्याचा हक्क मला नाही. माझ्या बाजूचा आकडा तेवढा आज लिहिला. ४७ वर्षे काटा हलत होता.

दुपारी सगळे तीन दरवाजाकडे जाणार आहोत. करंज्यांचा डबा आणला आहे. या वेळी तो आधी त्याच्यापुढे उघडणार आहे.