सर्वोत्कृष्ट कोण?
(क्रीडा पारितोषिक वितरण समारंभातील भाषण, जवाहर नगर, जयपूर)



राष्ट्रीय खो-खो अजिंक्यपद स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट पुरुष खेळाडूस ‘एकलव्य’ पुरस्कार देतात, महिला खेळाडूस ‘राणी लक्ष्मीबाई’. शासनाचा पुरस्कार अर्जुनाच्या नावाचा, आणि आपल्या मातीतल्या खेळाचा एकलव्याच्या! हे नाव सुचविणाऱ्याचे मला मोठे कौतुक वाटते.

परंतु सर्वोत्कृष्ट कोण, हे ठरवावे कसे? सूर मारून गडी टिपणारा सर्वांना दिसतो. त्याला नेमक्या क्षणी खो देणारा कोणाच्या ध्यानात राहतो? वृत्तपत्रेही बाद केलेले गडी आणि संरक्षणाची मिनिटे छापतात. खो कोणाचा, हे छापत नाहीत.

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये 1924 पासून ब्राउनलो पदक दिले जाते. तेथे प्रत्येक साखळी सामन्यानंतर मैदानावरील पंचच तीन खेळाडूंना अनुक्रमे तीन, दोन आणि एक मत देतात. शिवाय गैरवर्तनाबद्दल त्या हंगामात सामनाबंदी झालेला खेळाडू पदकास अपात्र ठरतो. 1997 साली ख्रिस ग्रँट यांना सर्वाधिक, 27 मते पडली होती. एका सामन्याच्या बंदीमुळे पदक मात्र 26 मतांच्या रॉबर्ट हार्वे यांना मिळाले. नियम कठोर आहे खरा. तरी मला तो पटतो.

म्हणून क्रीडा समितीस माझी विनंती आहे. आपल्या स्पर्धेतील ही निवड शेवटच्या डावाला पोहोचणाऱ्या पाहुण्यांवर न सोपविता पंचांकडे द्यावी, आणि त्यांच्या मतपत्रिकेत खो देणाऱ्यासाठी एक रकाना राखावा.