इच्छा होण्याची वाट पाहू नका



डिप्रेशनवर उपचार घ्या, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मी स्वतः या आजाराची पेशंट आहे. गोळ्या घेते, नोकरी करते, घर चालवते. आज बोलायचंय ते उपचारांच्या आधीच्या काळाबद्दल: डॉक्टरकडे जायचं ठरत का नाही?

हा आजार रडतच येतो असं नाही. पहाटे तीन-चारला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. सकाळ नकोशी होते, संध्याकाळी जरा बरं वाटतं. जेवणाला चव राहत नाही. अंघोळीला उठणं, वाजणारा फोन उचलणं, सगळ्याचाच कंटाळा येतो. डोकं दुखतं, पोटात गॅस धरतो, म्हणून फॅमिली डॉक्टरकडे खेटे सुरू होतात. रक्त तपासतात. ते योग्यच, कारण थायरॉईड किंवा हिमोग्लोबिन कमी असलं तरी माणूस असाच गळून जातो. पण रिपोर्ट नॉर्मल आले की घरचे म्हणतात, "बघ, तुला काहीच झालेलं नाही." आणि आपल्यालाही ते पटतं. आजार नाही, म्हणजे आपणच आळशी!

उदास कोण होत नाही? पण उदासी किंवा कशातच मन न लागणं रोजचं झालं, जोडीला झोप, भूक, ताकद बिघडली, स्वतःलाच दोष देणं सुरू झालं आणि हे दोन आठवडे टिकलं, तर डॉक्टरांना दाखवायला हवं.

इथेच खरी अडचण आहे. पाय मोडलेला माणूस निदान "मला दवाखान्यात न्या" असं ओरडतो. डिप्रेशनमध्ये ओरडायची इच्छाच मोडलेली असते. 'मनात आलं की जाईन' म्हणत महिने जातात, कारण मनात येणंच बंद झालेलं असतं. शिवाय आजार कानात सांगत राहतो, की तुझा काही उपयोग नाही, उपचारांचाही होणार नाही.

माझ्या बाबतीत निर्णय मी घेतलाच नाही. मोठ्या बहिणीने परस्पर वेळ घेतली आणि फोनवर एवढंच म्हणाली, "साडेचारला तयार राहा, मी रिक्षा घेऊन येते." नको म्हणायचेही श्रम नको झाले होते, म्हणून गेले.

पुढचं माहीत असलेलं बरं. आपल्याकडे येरवडा, ठाणे इथल्या मनोरुग्णालयांची नावं चेष्टेत घेतात, त्यामुळे मानसोपचार म्हटलं की दाखल करतील अशी धास्ती वाटते. प्रत्यक्षात बहुतेकांचे उपचार ओपीडीतच होतात. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. मळमळीसारखा त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात होऊ शकतो. गोळ्या नेमक्या इथेच सुटतात. त्रास डॉक्टरांना सांगा, गोळ्या मनाने बंद करू नका. बरं वाटू लागल्यावरही त्या सहसा किमान सहा महिने चालू ठेवतात. काहींना समुपदेशनाने गुण येतो, काहींना दोन्ही लागतं.

खर्चाची काळजी असेल तर सरकारी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आरोग्य विमा कंपन्यांनाही शारीरिक आजारांसारखंच मानसिक आजारांना संरक्षण देणं बंधनकारक केलं आहे.

घरच्यांना एक विनंती. "काही लागलं तर सांग" म्हणून थांबू नका. वेळ तुम्ही घ्या, सोबत जा, बाहेर बाकावर बसा. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि ज्यांना हे सगळं स्वतःचंच वाटलं, त्यांनी आज मोठा निर्णय घेऊ नये. घरात एकाला एवढंच सांगावं: "माझ्यासाठी डॉक्टरांची वेळ घ्या." सांगायला कुणी नसेल तर सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे. तिथे रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं. नंबर लिहून घ्या: १४४१६. पुन्हा सांगते, एक, चार, चार, एक, सहा.