आजीच्या हाती छायाचित्र

अमरावतीस नातू जन्मला की त्याचे छायाचित्र क्षणार्धात अकोल्याच्या आजीच्या मोबाइलवर येते. परंतु चुकून बोट लागताच ते नाहीसे होते व तिला पुन्हा सापडत नाही. म्हणून निवडक छायाचित्रे कागदावर उतरवून तिच्या हाती द्यावी. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने धाडलेल्या चित्राची स्पष्टता घटते. छापखान्याकडे ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. ४ बाय ६ इंचांच्या प्रतीस १२०० गुणिले १८०० पिक्सेल पुरतात. प्रतीमागे नाव, गाव व साल लिहावे.

प्रती देण्यास गेलात, की आजीच्या पेटीतील जुनी छायाचित्रेही खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, टिपून घ्यावी आणि त्यांतील माणसे कोण, हे तिला विचारावे. ती नावे आज लिहून घेतली नाहीत, तर उद्या सांगणारे कोणी उरणार नाही.