विद्यार्थ्यांच्या आवडी आणि आपण

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



प्रतिवर्षी या व्यासपीठावरून विद्यार्थ्यांस उपदेश करण्याचा प्रघात आहे. उपदेशाचे काम आम्ही आजवर हौसेने केले आहे. परंतु यंदा तो प्रघात थोडा मोडून आम्ही वडील मंडळींशी बोलणार आहो. मुलांनीही ऐकावे, त्यांच्या विरुद्ध आम्ही काही बोलणार नाही.

शिष्यवृत्तीच्या आपल्या अर्जात ‘आवडते ग्रंथ व छंद’ असा एक रकाना आहे. तो बहुधा शोभेसाठी असतो. मुले तेथे ‘श्यामची आई’ आणि ‘वाचन’ असे लिहितात आणि आम्ही परीक्षक समाधानाने मान डोलावतो. यंदा मात्र एका विद्यार्थ्याने लिहिले : ग्रंथ, फास्टर फेणे, चित्रपट, माय नेबर टोटोरो, खेळ, माइनक्राफ्ट. आमच्यापैकी एकाने अर्ज बाजूस सारला. तो एकजण म्हणजे आम्हीच, हे येथे कबूल करणे भाग आहे.

सुदैवाने समितीतील एका भगिनींनी त्यास मुलाखतीस बोलावण्याचा आग्रह धरला. मुलगा आला. आम्ही किंचित उपहासाने विचारले, “कार्टूनमध्ये तुम्हांस एवढे काय दिसले?” तो म्हणाला, “त्यातल्या दोघी बहिणींची आई दवाखान्यात असते. माझीही आई आठ महिने दवाखान्यात होती. त्या चित्रपटात कोणी दुष्ट माणूस नाही. आई घरी कधी येणार, एवढीच त्यात भीती आहे.” यावर आम्हांस दुसरा प्रश्न सुचला नाही.

पुढे आम्ही हा चित्रपट पाहिला. हायाओ मियाझाकी या जपानी दिग्दर्शकाने तो १९८८ साली केला. हाताने काढलेल्या चित्रांचा तो आहे. आणि त्या मुलाने सांगितले ते अक्षरशः खरे आहे.

व्यंगचित्रपट म्हणजे परक्यांचे खूळ, असा आपल्यात एक समज आहे. तोही तपासून पाहण्याजोगा आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविला हे सर्वश्रुत आहे. परंतु त्यापूर्वीच त्यांनी मातीत पेरलेल्या वाटाण्याचा अंकुर कसा वाढतो, हे थोड्या थोड्या अवधीने चित्रे टिपून पडद्यावर हलते करून दाखविले होते. आगकाड्या एकेक सरकवून त्यांचीही मौज त्यांनी चित्रित केली. निर्जीव वस्तूस चित्राचित्राने चालते करण्याची ही कला आपल्याच मातीत इतकी जुनी आहे. पुढे १९५७ साली फिल्म्स डिव्हिजनने जातककथेवर ‘द बनियन डिअर’ हा चित्रपट काढला. भारतीय अॅनिमेशनचे जनक म्हणून पुढे ज्यांचा गौरव झाला, ते राम मोहन याच विभागात हे काम शिकले. एका सेकंदास चोवीस चौकटी, या हिशेबाने दहा मिनिटांच्या चित्रपटास चौदा हजारांहून अधिक चौकटी लागतात. ज्या कामास एवढी चिकाटी लागते, ते पोरखेळ कसे म्हणावे?

आता ग्रंथांविषयी. फुरसुंगीचा बनेश फेणे हा भा. रा. भागवत यांचा मानसपुत्र. भागवतांनी झूल व्हेर्नच्या अद्भुत कथाही मराठीत आणल्या. आमच्या बालपणी आम्ही नाथमाधवांचे ‘वीरधवल’ भूमितीच्या पुस्तकात दडवून संपविले. आमचे तीर्थरूप म्हणत, “कादंबऱ्या वाचणारा मुलगा वाया गेलाच म्हणून समजा.” तीच कादंबरी आमच्या मुलाच्या हाती दिसली असती तर आम्ही पेढे वाटले असते! एका पिढीचे व्यसन ते दुसऱ्या पिढीचे संस्कार, असे अनेकदा घडते. म्हणून निंदा करण्यापूर्वी अंमळ थांबावे.

तथापि, आपण म्हणाल, ग्रंथ आणि चित्रपट ठीक. या ऑनलाईन खेळांचे काय? या प्रश्नासाठीच आम्ही आज उभे आहो, आणि त्याचे उत्तर आम्हांस आमच्याच घरात, फार महाग किमतीस मिळाले आहे.

२०२० साली टाळेबंदीच्या दिवसांत आमचा नातू तेरा वर्षांचा होता. शाळा मोबाईलवर भरे. एके दुपारी तो त्यावर कोणा अनोळखी मुलाशी बुद्धिबळ खेळताना आढळला. आम्ही पट नीट पाहिलाही नाही. “घरात जुगार चालणार नाही!” असे गरजून आम्ही यंत्र काढून घेतले आणि आपण कर्तव्य केले, या समाधानात झोपलो.

पाच वर्षे लोटली. २०२५ च्या उन्हाळ्यात, परगावी महाविद्यालयात शिकणाऱ्या या नातवाने वसतिगृहाचे बेचाळीस हजार रुपये भरलेच नसल्याचे उघडकीस आले. पैसे लावून पत्ते खेळण्याच्या एका ॲपमध्ये ते गेले होते. प्रारंभी शंभराचे दीडशे झाले; मग हरलेले परत मिळविण्यासाठी आणखी लावले; आणि दीड महिन्यात सारे संपले. तो घरी आला तेव्हा दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही विचारले, “अरे, पहिले शंभर गेले तेव्हाच का सांगितले नाहीस?” तो म्हणाला, “आजोबा, तुम्ही बुद्धिबळालाही जुगारच म्हणाला होता. तेव्हापासून मी तुम्हाला कोणताच खेळ दाखवला नाही.”

सभ्य स्त्री-पुरुषहो, आमच्या पाऊणशे वर्षांच्या आयुष्यात इतके खरे आणि इतके कठोर वाक्य आम्हांस कोणी ऐकविले नव्हते. चूक त्याची होतीच. ती त्याने कबूल केली, आणि आज शिकवण्या करून तो ते पैसे फेडीत आहे. परंतु विस्तव आणि दिवा यांस एकाच नावाने हाक मारण्याची चूक आमची होती. ज्यास सगळेच खेळ सारखे वाईट, त्याला खरा वाईट खेळ ओळखता येत नाही. आणि मूलही त्याच्याकडे धोका सांगावयास येत नाही.

हा भेद आपल्यास नवा नाही. सारीपाट आपल्या घरोघरी होता. फाशांच्या खेळात पण लागला, तेव्हा धर्मराजाने राज्य, भाऊ आणि पत्नी घालविली. फासा तोच, पण लागला की त्याचे द्यूत झाले. आपल्या संसदेनेही २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा करताना हाच भेद केला : पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाईन खेळांस मनाई, आणि ई-स्पोर्ट्स व करमणुकीचे खेळ यांस वेगळे स्थान. त्याच वर्षी जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुख हिने बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर पद मिळविले. आमच्या घरात जो पट आम्ही हिसकावून घेतला, तो हाच पट होय, याची आठवण त्या दिवशी आम्हांस झाल्यावाचून राहिली नाही.

बिनपैशाचा खेळही अतिरेकाने घात करतो, हे मात्र विसरू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या रोगांच्या वर्गीकरणात खेळाच्या विकाराची नोंद आहे. त्याची लक्षणे घरच्या माणसास ओळखता येण्याजोगी आहेत : खेळ आवरता न येणे, इतर सर्व कामांपेक्षा त्यास अधिक महत्त्व येणे, आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे. अशी अवस्था दीर्घकाळ, साधारणतः वर्षभर टिकली तर तो विकार समजतात. असे दिसल्यास मुलास शिव्या न देता वैद्याकडे न्यावे. परंतु तास दोन तास खेळून जो मुलगा हाकेसरशी जेवावयास उठतो, तो रोगी नव्हे.

पुन्हा त्या अर्जदार मुलाकडे वळू. माइनक्राफ्टमध्ये चौकोनी ठोकळे रचून हवे ते बांधता येते. त्याने आजोळचा पाडून टाकलेला वाडा बांधला होता. चौक केवढा, सोपा किती खणांचा, जिना कोणत्या बाजूस, हे सारे आजीस विचारून घेतले. दिंडी दरवाजास त्याने अशी कळ बसविली की दोन्ही खटके एकदम ओढल्यावाचून तो उघडत नाही. संगणकाच्या अंतरंगात चालणारे तर्काचे गणित ते हेच, असे समितीतील आमच्या अभियंता मित्रांनी आम्हांस समजावून दिले. आजीबाईंनी तो वाडा पडद्यावर पाहिला आणि म्हणाल्या, “तुळशीवृंदावन अजून थोडे पुढे होते.” त्याने तेथल्या तेथे ते पुढे सरकविले. या विद्यार्थ्यास आज आपण शिष्यवृत्ती देत आहो.

आता कार्यकारी मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, आपल्या वाचनालयातील मुलांच्या कपाटास कुलूप असते; ते काढावे आणि नव्या पुस्तकांची निवड दरवर्षी मुलांच्याच एका लहान समितीकडे द्यावी. दुसरी, सभागृहात महिन्यातून एक रविवार मुलांनी निवडलेला चित्रपट दाखवावा. वडील मंडळींनी मागच्या खुर्च्यांवर बसून तो शेवटपर्यंत पाहावा. तिसरी, अर्जातील तो रकाना काढू नये. उलट त्याखाली आणखी एक ओळ घालावी : ‘ही आवड का?’

पालकांस एवढीच विनंती की, आज घरी गेल्यावर मुलास म्हणावे, “तुझा खेळ मला दाखव.” शिकविण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठी. प्रारंभी तो संकोच करील; कदाचित विश्वासही ठेवणार नाही. तरी चार दिवसांनी पुन्हा विचारावे. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडेही आमचे एक मागणे आहे. ज्या खेळात पैसे मागतात, किंवा जो घरच्यांपासून लपवावासा वाटतो, तो पहिल्याच दिवशी आम्हांस दाखवा. आम्ही रागावणार नाही, असे वचन देणे कठीण आहे. परंतु पट पाहिल्यावाचून रागावणार नाही, असे वचन आज सर्वांसमक्ष देतो.

नातू सुट्टीत घरी आला की हल्ली सायंकाळी आम्ही दोघे बुद्धिबळ खेळतो. आम्ही बहुधा हरतो.